सायकोसिसचा पहिला झटका : परदेशातल्या ‘अर्ली इंटरव्हेन्शन’मध्ये असं काय असतं?

तुमचा भाऊ 21 वर्षांचा, इंजिनीअरिंगला. मित्र पाळत ठेवतात म्हणतो, एकटाच पुटपुटतो. डॉक्टरांनी सायकोसिसचा, म्हणजे भास आणि खोट्या संशयांमुळे वास्तवाशी संबंध तुटण्याचा, पहिला झटका सांगितलाय आणि परदेशातल्यासारखे ‘अर्ली इंटरव्हेन्शन’, म्हणजे आजाराच्या सुरुवातीलाच द्यायचे उपचार, आपल्याला मिळतील का, असं तुम्ही विचारलंय. मी मनोविकार विभागात सोशल वर्कर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गोळ्या तिकडे काही वेगळ्या नसतात. उपचार किती लवकर सुरू होतात आणि गोळ्यांच्या जोडीला काय मिळतं, यात खरा फरक आहे. इंग्लंडमध्ये 2016 मध्ये नियम आला की अशा किमान निम्म्या रुग्णांचे उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायलाच हवेत; पुढे हे प्रमाण 60 टक्के केलं गेलं. नॉर्वेच्या एका भागात शाळांमधून, वर्तमानपत्रांतून लोकांना लक्षणं समजावली, तेव्हा उपचाराविना जाणारा काळ पुष्कळ कमी झाला. प्रचार थांबवल्यावर तो परत वाढला.

अमेरिकेत 404 रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोळ्यांचा कमीत कमी पुरेसा डोस, रुग्णाशी नियमित बोलणं, घरच्यांना आजार समजावणं आणि शिक्षण-नोकरीसाठी वेगळा माणूस, असं सगळं एकाच टीमकडे होतं. नेहमीच्या उपचारांपेक्षा हे लोक जास्त सावरले, आणि ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले त्यांना जास्त फायदा झाला. तिथेही निम्म्या रुग्णांचे 74 आठवडे किंवा त्याहून जास्त उपचाराविना गेले होते! आपल्याकडे हा काळ ‘बाहेरचं काही असेल’, मग देवऋषी, मग ‘लग्न करून द्या, सुधारेल’ यात जातो. लग्नाचा विषय तर आत्ता कुणालाही काढू देऊ नका.

चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेत आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये एकाच पद्धतीचे उपचार दोन वर्षं देऊन तुलना केली गेली. उदासीनता, गप्प बसणं, काहीच करावंसं न वाटणं ही लक्षणं चेन्नईत जास्त कमी झाली, आणि त्यात घरच्यांच्या साथीचा वाटा होता. म्हणजे या टीममधला एक महत्त्वाचा माणूस तुम्ही आहात.

म्हणून ‘पाळत नाहीच’ असा वाद घालू नका, आणि ‘हो, आहे’ असंही म्हणू नका. ‘तुला भीती वाटतेय, मी आहे’ एवढं पुरे. गांजा-दारू बंद. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर थांबवू नका; आजार उलटण्याचं हे सर्वांत मोठं कारण मी बघते. कॉलेजमधून नाव काढू नका, सुट्टी मागा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रात्री-अपरात्री विचारायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. पुण्याजवळ असाल तर सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात आई-बाबांना जरूर न्या.

पुढच्या वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : थायरॉइड वगैरे शारीरिक कारणं तपासली का, गोळ्यांमुळे वाढू शकणारं वजन आणि साखर किती दिवसांनी तपासायची, आणि याच्याशी नियमित बोलायला सायकॉलॉजिस्ट कोण. भावाला समोर बसवूनच विचारा. त्याच्या पाठीमागे ठरवलेलं त्याचा संशय वाढवतं.