रविवारी खोकला का थांबतो?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आमचे हे वाडीला डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात कार पेंटर आहेत. तीनेक महिन्यांपासून रात्री खोकला येते, छातीत सूंसूं वाजते. रविवारी कमी राहते, आणि दिवाळीत गावी गेलो तर एकदम चांगले होते. शेठ म्हणतात दूध-गूळ घेत जा, सवय होऊन जाते. हे तोंडाला ओला दुपट्टा बांधतात. खरंच सवय होते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: ताई, सवय होत नाही. नाकाला वास येणं कमी होतं, तेवढंच, छातीत जायचं ते जातंच. तुम्ही गावी गेल्यावर बरं वाटल्याचं लिहिलं ते फार कामाचं आहे, कारण कामाच्या दिवशी त्रास आणि सुट्टीत आराम म्हटलं की कामामुळे झालेल्या दम्याचा संशय घ्यावाच लागतो.

थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन असतात, त्याने डोकं दुखतं, गरगरतं. पण मला जास्त काळजी हार्डनरची वाटते. टू-के पेंटमध्ये (म्हणजे दोन डबे मिसळून मारायचा रंग), वरून मारायच्या चकाकीच्या क्लिअर कोटमध्ये रंग कडक व्हायला जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट असतं, आणि त्याची अ‍ॅलर्जी एकदा शरीरात बसली की मग स्प्रे गन दुसऱ्याने चालवली आणि हे बाजूला नुसते उभे राहिले तरी दम लागू शकतो. त्रास बरेचदा काम संपल्यावर, रात्री होतो म्हणून लोकांना वाटतं थंडीचा खोकला आहे.

दूध-गूळ खाऊ द्या, पण त्याने फुफ्फुस धुऊन निघत नाही. दुपट्टा ओला करा की कोरडा, वाफ आरपार जाते. थिनरसाठी कार्ट्रिजचा (वाफ शोषणाऱ्या डबीचा) मास्क चालतो, पण आयसोसायनेटचा वास लवकर कळत नाही त्यामुळे कार्ट्रिज संपलं हेही कळत नाही, म्हणून टू-के मारताना बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्कच पाहिजे, आणि स्प्रे मारायची वेगळी बंद खोली (बूथ) किंवा हवा बाहेर ओढणारा एक्झॉस्ट पंखा. शटर खाली ओढून धूळ बसू नये म्हणून आत स्प्रे मारतात ना, ते तर आधी बंद करायला सांगा. आणि हात थिनरने धुऊ नका, ते कातडीतूनही आत जातं.

आता लगेच मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) छातीच्या ओपीडीत दाखवा आणि रोज काय मारतात ते स्पष्ट सांगा, हार्डनरच्या डब्याच्या लेबलचा फोटो काढून न्या. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी, होईल. श्वासाचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर घरी दिला तर दिवसातून चार वेळा फुंकायचं, काही आठवडे, सुट्टीच्या दिवसांसकट, आणि वहीत लिहायचं. एक वाक्य बोलतानाही धाप लागली तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा. तपासणी होईपर्यंत स्प्रे नको, आणि दुसरा कोणी मारत असेल तर ह्यांनी तिथे थांबायचंसुद्धा नाही. नुसता पंप घेऊन तेच काम चालू ठेवलं तर दमा पक्का होत जातो, लवकर बाहेर पडलेल्यांचा बरा व्हायचा चान्स जास्त असतो.

गॅरेजात १० किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय (कामगार विमा) लागू होतं, पगारातून कापतात का ते बघा. कापत असतील तर नागपुरातल्या ‘सोमवारी पेठ’ भागातल्या कामगार विमा रुग्णालयातही दाखवता येईल. कामामुळे झालेला दमा कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, म्हणून प्रत्येक कागदावर "कार पेंटर" हे काम लिहून घ्या.