ताईंना विचारा : उजनीची ती क्लिप

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापुरात एका दैनिकाचा वार्ताहर आहे, दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात पाऊस चालू असताना ‘उजनीचा दरवाजा तुटला’ अशी क्लिप एका ग्रुपवर आली. ऑफिसातून ‘लवकर टाक’ म्हणून फोनवर फोन. मी ती माझ्या फेसबुकवर आणि नदीकाठच्या तीन गावांच्या ग्रुपवर टाकली. अर्ध्या तासात कळलं की ती जुनी आहे आणि दुसऱ्याच धरणाची. गुपचूप डिलीट केली. कुणी काही बोललं नाही. विषय संपला असं समजू का? पुढं काय काळजी घेऊ?

उत्तर : विषय संपलेला नाही. तू तुझी पोस्ट काढलीस, पण त्या अर्ध्या तासात जी पुढं गेली ती कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये अजून आहे. भीमेच्या काठावर ‘दरवाजा तुटला’ याचा अर्थ काय होतो ते तुला ठाऊक आहे. रात्री जनावरं सोडतात, म्हाताऱ्यांना उचलून वर नेतात.

मी स्वतः हे केलेलं आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आग लागली, तेव्हा ग्रुपवर आलेला भडकलेल्या आगीचा एक फोटो मी पुढं पाठवला. तो जुना निघाला, मीही डिलीट केला. चार दिवसांनी एका कामगाराची बायको भेटली. तो फोटो बघून ती लहान पोराला कडेवर घेऊन कारखान्याच्या गेटपर्यंत पळत गेली होती. ‘तुम्हीच टाकला ना, मग खोटा आहे म्हणून का नाही सांगितलं?’ एवढंच तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही.

अफवा कुठवर जाते हे आपल्या जिल्ह्यानं सोसलंय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरत होते. मेलेल्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. पण वार्ताहराच्या नावानं आलेली क्लिप लोक बातमी म्हणूनच घेतात, म्हणून आपली जबाबदारी इतरांपेक्षा मोठी आहे.

आता काळजीचं. ग्रुप सोडू नकोस. पाण्याची, रस्त्याची, दवाखान्याची पहिली चाहूल आता तिथंच लागते. क्लिप आली की पाठवणाऱ्याला आधी एकच विचार : ‘तू स्वतः काढलीस का?’ दहातले नऊ जण ‘आली होती’ म्हणतात, तिथंच थांब. ‘हो’ म्हणाला तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागव. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो कधी, कुठं काढला ही माहिती गळून जाते. मग क्लिप थांबवून स्क्रीनशॉट काढ आणि गूगल लेन्समध्ये टाक, तेच चित्र आधी कुठं आलंय का ते कळतं. दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे, गाडीचा नंबर एमएच १३, म्हणजे सोलापूरचा आहे का, लोकांच्या अंगात स्वेटर तर नाही ना, हे बघ. आणि फोन कर. धरणाचं असेल तर जलसंपदाच्या अभियंत्याला, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती कक्षाला. दहा मिनिटं जातात. ऑफिसला सांग, ‘फोन लागेपर्यंत टाकत नाही.’ पहिल्यांदा बोलणी बसतील, बसू देत.

एक वेगळी गोष्ट, तू विचारली नाहीस तरी सांगते. अत्याचाराच्या बातमीत लहान मुलाचं नाव, शाळा, गल्ली, आईवडिलांचा फोटो स्वतःच्या स्टेटसलासुद्धा ठेवायचा नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, ते तिथंही लागू होतं.

राहिला तुझा खुलासा. त्याच फेसबुकवर, त्याच तीन ग्रुपवर, स्वतःच्या नावानं लिही : ‘उजनीचा दरवाजा तुटल्याची क्लिप मी टाकली होती. ती जुनी आणि दुसऱ्या धरणाची आहे. न तपासता टाकली, ही माझी चूक. ज्यांना पाठवली असेल त्यांना कृपया हेही पाठवा.’ ऑफिसच्या दबावाचं त्यात लिहू नकोस, ते संपादकांशी समोर बसून बोल. आणि त्या तीन गावांत एकेक फोन कर, सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला. हे वाचून झाल्यावर लगेच कर, जेवण नंतर.