मुलाच्या गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आहे, तरी डॉक्टर एमआरआय काढायला सांगतात. हा पैसे उकळण्याचा धंदा आहे का?

हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने आमच्या ओसरीवर बसून म्हटलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा, खो-खो खेळायचा. खुंटाला वळताना गुडघा दुखायचा, संध्याकाळी सूज. पहिला एक्स-रे नॉर्मल आला. दादाचा निकाल लगेच: "नाटकं आहेत, शाळा बुडवायची." चार महिने आम्ही मुव्ह चोळत बसलो.

दुसऱ्या डॉक्टरांनी जुनी फिल्म खिडकीकडे धरली आणि विचारलं, "फक्त पाय सरळ ठेवूनच काढला?" मग पोराला टेबलावर रांगायला लावलं, लहानपणी घोडा घोडा खेळायचा तसं, आणि वाकलेल्या गुडघ्याचा मागून एक्स-रे काढला. टनेल व्ह्यू म्हणतात त्याला. मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकाला, आतल्या बाजूच्या गोळ्यावर नखाच्या कोरीएवढी काळी चंद्रकोर! जागा गोळ्याच्या मागच्या बाजूला, त्यामुळे सरळ पायाच्या फोटोत ती सापडलीच नव्हती. आजार ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स. कूर्चेखालच्या (सांध्यातल्या हाडावरचं गुळगुळीत आवरण) हाडाचा तुकडा रक्तपुरवठ्याअभावी कमकुवत होतो, कधी कूर्चेसकट सुटतो. कागदावर त्याचं लघुरूप ओसीडी लिहिलेलं पाहून दादाला त्याच नावाचा मनाचा आजार आठवला, "म्हणजे सारखे हात धुतात तेच ना?"

तर एमआरआय. एक्स-रेत तुकडा दिसला, पण तो घट्ट आहे की सुटायला आलाय, हे त्यावरून नीट कळत नाही. एमआरआयमध्ये तुकड्याखाली पाण्याची पांढरी रेघ दिसते का, वरची कूर्चा फाटलीय का, ते बघतात. आमच्याकडे पुसट रेघ होती, तरी डॉक्टर घाबरले नाहीत. हाडं अजून वाढत असतील तर नुसत्या रेघेवरून तुकडा सुटला असं धरत नाहीत म्हणे. खो-खो बंद, सहा महिन्यांनी हाड भरलं. ऑपरेशन नाही. दुसऱ्या गुडघ्याचाही फोटो काढून घेतला, कारण हा आजार कधी कधी दोन्हीकडे असतो.

धंदा करणारे आहेत, नाही कोण म्हणतं? पण घरात बसून एक्स-रे वाचणारे काका त्याहून महाग पडतात.

मी डॉक्टर नाही, हार्डवेअरचं दुकान आहे माझं. मुलांचे बहुतेक गुडघे दुसऱ्याच कारणांनी दुखतात. आधी टनेल व्ह्यू काढलाय का विचारा. गुडघा अडकत असेल तर मात्र थांबू नका.

दादा आता पाहुण्यांना सांगतो, "मीच म्हटलं होतं, एमआरआय काढ." पहिली फिल्म मी जपून ठेवलीय.