हिंदी मंडळीत मन रमत नाही

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

नगरच्या मराठी मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, वाढलेल्या तुम्ही यजमानांच्या नोकरीमुळे इंदूरला आलात. येथील उपासना हिंदीत चालते. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितल्यावर तुम्हाला पान सापडेपर्यंत पहिले कडवे संपलेले असते, आणि उपासनेनंतर चहाचा कप हातात घेऊन तुम्ही भिंतीशी उभ्या राहता, तरी कोणी नावही विचारत नाही. २०२० च्या टाळेबंदीत नगरची उपासना मोबाइलवर पाहण्याची सवय लागली, ती आजही सुटलेली नाही. चौदा वर्षांचा मुलगा मात्र येथील तरुण संघात रमला आहे, आणि आई का येत नाही असे तो विचारू लागला आहे. देव घरातली प्रार्थनाही ऐकतो, मग मंडळीत गेलेच पाहिजे का, हा तुमचा प्रश्न आहे.

देव घरातली प्रार्थना ऐकतो, याविषयी वाद नाही. परंतु एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा, अशा ज्या आज्ञा नव्या करारात जागोजागी आढळतात, त्या एकट्याने पाळताच येत नाहीत. मोबाइलवरच्या उपासनेत वचन कानावर पडेल, पण प्रभुभोजनाची भाकर हातावर पडणार नाही. तुम्ही तापाने अंथरुणाला खिळलात, तर नगरहून कोणी डबा घेऊन येऊ शकणार नाही; आणि तुमच्या गल्लीपलीकडे राहणारी मंडळीतली एखादी म्हातारी आजारी पडली, तर तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही. मला ही दुसरी उणीव अधिक मोठी वाटते. तेव्हा मंडळीत जावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र मुकाट्याने जुळवून घ्या, असा याचा अर्थ कृपया घेऊ नका. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाचावा. यरुशलेमेतील पहिल्यावहिल्या मंडळीत जी कुरकुर उठली, ती ग्रीक बोलणाऱ्या विधवांवरून होती. रोजच्या वाटपात या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी त्यांच्या लोकांची तक्रार होती. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही आणि त्यांची निराळी मंडळीही काढून दिली नाही. सात माणसे निवडून वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले, आणि स्तेफन, फिलिप्प यांच्यासह त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कारभार आला. हाच अध्याय मनात ठेवून तुम्ही पाळकसाहेबांना किंवा त्यांच्या पत्नीला भेटावे आणि आपल्याला परके वाटते, हे कोणावर ठपका न ठेवता सांगावे. चहाच्या वेळी नव्या माणसाची विचारपूस करायला कोणी नसेल, तर ते काम मागून घ्यावे. ज्याला स्वतःला भिंतीशी उभे राहावे लागले आहे, त्याला भिंतीशी उभा असलेला दुसरा माणूस लवकर दिसतो.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मनाला लागले. शहरात मराठी माणसे भरपूर असूनही तेथील मराठी मंडळात आपण ख्रिस्ती म्हणून वेगळ्या आणि चर्चमध्ये मराठी म्हणून वेगळ्या, असे तुम्ही लिहिले आहे. हे दुःख खोटे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगांच्या चालीत लिहिलेली भजने टाळ-पेटीवर म्हणत जी लहानाची मोठी झाली, तिला ती भूक दुसऱ्या भाषेतल्या गीतांनी सहजी भागत नाही. म्हणून पाळकसाहेबांच्या संमतीने आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी आपल्या घरी मराठी भजन-प्रार्थना ठेवावी. इंदूरमध्ये दोन-तीन मराठी ख्रिस्ती कुटुंबे शोधली तर नक्की सापडतील. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, कारण आजकाल घरातल्या प्रार्थनेविषयी नाहक गैरसमज होतात. ही बैठक रविवारच्या वेळी मात्र कधीही ठेवू नये. भाषेच्या नावाने सुरू झालेली बैठक पुढे रुसलेल्यांचा अड्डा बनते आणि मग तिला स्वतंत्र मंडळी म्हणवून घेण्याची घाई होते, हे अनेक ठिकाणी घडलेले आहे.

राहिला सभासदत्वाचा प्रश्न. नगरच्या मंडळीतून नाव कमी केले तर माहेर तुटेल, अशी भीती तुम्हाला वाटते. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने काम केले, तर इंदूरला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने, आणि त्यांचे काम माळव्यातल्या हिंदी बोलणाऱ्या लोकांत असल्यामुळे तेथील उपासनेची भाषा हिंदी झाली. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा या दोन्ही परंपरा तिच्यात आल्या. तुमच्या दोन्ही मंडळ्या याच चर्चच्या आहेत, असे पत्रावरून दिसते. तसे असेल तर बदलीपत्राने, म्हणजे सभासदत्व एका मंडळीतून दुसरीत नेणाऱ्या पत्राने, तुम्ही घर सोडत नसून त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत जात आहात. सभासद झाल्यावर कमिटीच्या निवडणुकीत मत देता येईल, आणि वर्षातून काही रविवारी एखादे मराठी गीत घ्यावे, अशी सूचनाही हक्काने मांडता येईल.

मुलाला खरे उत्तर द्यावे. मन रमत नव्हते म्हणून येत नव्हते, एवढे पुरे. त्याचे हिंदी तुमच्यापेक्षा सफाईदार असणार, तेव्हा येत्या रविवारी त्याच्या शेजारी बसावे आणि गीताचे पान त्यालाच काढून द्यायला सांगावे. बदलीपत्रासाठी नगरच्या पाळकसाहेबांना याच आठवड्यात लिहावे. त्या कामाला वेळ लागतो.