तिबेटी निर्वासितांना अजूनही मायदेशी परतण्याची आशा वाटते का?

वाटते, पण पिढीगणिक तिचे स्वरूप बदलले आहे. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो लोक हिमालय ओलांडून आले, तेव्हा हा मुक्काम थोड्या दिवसांचाच आहे अशी बहुतेकांची समजूत होती. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये वसलेल्या नोर्ग्येलिंग वसाहतीत आज विदर्भाच्या उन्हाळ्यात, धानाच्या बांध्यांच्या शेजारी प्रार्थनेच्या पताका फडकताना दिसतात, आणि तिथे वाढलेल्या तरुणांनी तिबेट पाहिलेलाच नसतो.

या आशेची बोलकी खूण कागदपत्रांत सापडते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने जन्मतःच भारतीय नागरिक ठरतात. तरीही अनेक जण परदेशी नागरिकाचे नोंदणी प्रमाणपत्रच नूतनीकरण करून वापरत राहतात, कारण नागरिकत्व स्वीकारणे म्हणजे परतीचा दावा सोडणे असे त्यांना वाटते. (पासपोर्ट घेतल्यास वसाहतीतील सवलती सोडाव्या लागतात, हेही कारण आहेच, सगळेच श्रेय भावनेला देणे योग्य नाही.)

दरम्यान, १९८८ पासून दलाई लामांची मागणीही स्वातंत्र्याऐवजी चीनअंतर्गत खऱ्या स्वायत्ततेची आहे. तरुण पिढीतील बरेच जण मात्र अमेरिका, कॅनडा किंवा युरोपची वाट धरतात. माझ्या मते त्यांना तिबेटला जाता यावे असे वाटते. तिथे कायमचे राहायला जाण्याची तयारी किती जणांची असेल, याबाबत मी साशंक आहे.