हॉटेल मॅनेजमेंट शिकवायला लागताय? आधी एवढंच करा

पहिल्या सत्रात धाकधूक असणारच. ‘पुराव्यावर आधारित अध्यापन’ (म्हणजे संशोधनात उपयोगी ठरलेल्या पद्धतींनी शिकवणं) हे नाव जड आहे, काम साधं आहे. सुरुवातीला दोनच गोष्टी धरा.

१. तासाची पहिली पाच मिनिटं वह्या बंद. मागच्या आठवड्याचं आठवून लिहायला सांगा: पाच मदर सॉस (ज्यांपासून बाकीचे सॉस बनतात ते मूळ सॉस) कोणते? कोणत्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात? (५ ते ६० अंश सेल्सिअस.) गुण देऊ नका, नाहीतर पोरं शेजारी डोकावतात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

२. प्रात्यक्षिक एकदाच उरकू नका. मी पहिल्या वर्षी हॉलंडेज (अंड्याचा बलक आणि लोणी एकजीव करून होणारा सॉस) एका दिवसात शिकवून यादीत टिक केली. महिन्याने परीक्षेत निम्म्या वाडग्यांत अंडं एकीकडे, लोणी दुसरीकडे! आता तोच सॉस तीन आठवड्यांनी पुन्हा घेतो, रेसिपी न दाखवता.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ‘हा बघून शिकतो, ती ऐकून शिकते’ अशा वाटण्या करणं. याला भक्कम आधार नाही.
- ‘सर, तास मस्त झाला’ म्हणजे शिकणं झालं असं समजणं. (मीही फसलोय.)

संशोधन-लेख, आकडेमोड सध्या राहू द्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच तासाला सुट्टीआधीचेच प्रश्न पुन्हा विचारा आणि किती जणांना आले ते इथे कळवा.