हर्नियाचं ऑपरेशन झालंय, 6 आठवडे बागेत हात घालायचा नाही म्हणतात. हात शिवशिवतात, चैन पडत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की ऑपरेशनला 12 दिवस झाले, गच्चीवर 60 कुंड्या आहेत, पाणी सूनबाई घालतात आणि ऑक्टोबर संपत आला तरी गुलाब छाटायचे राहिलेत.

आधी गुलाबाचंच बोलू, कारण जीव तिथे अडकलाय. छाटणी 3 आठवडे लांबली तर बहर तेवढाच लांबतो, झाड मरत नाही. छाटल्यापासून साधारण 45 दिवसांनी फुलं येतात. तरी थांबवत नसेल तर छाटणी दुसऱ्याच्या हातून करून घ्या. तुम्ही पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसा आणि काठीने डोळा, म्हणजे फांदीवरची कोंब फुटायची फुगीर जागा, दाखवा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडायचा आणि त्याच्या वर पाव इंच सोडून तिरका काप घ्यायचा, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. मग काप जवळ आणून बघा. गाभा पांढरट दिसला तर झालं; तपकिरी दिसला तर ती फांदी आतून वाळत आलीय, अजून खाली घ्यायला सांगा. कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशी रोखणारा लेप) लावून घ्या. काटेरी फांद्या गोळा करायला तुम्ही उठू नका.

आता तुमच्या पोटाचं. बारावा-पंधरावा दिवस फसवा असतो. दुखणं कमी झालेलं असतं, वरची कातडी मिटलेली असते, म्हणून माणूस म्हणतो की एवढी एकच कुंडी सरकवतो. पण आतला थर अजून कच्चा असतो. त्याची पूर्ण ताकद यायला काही महिने जातात. पोटावर दाब फक्त उचलण्याने येतो असं नाही. कुंडी ढकलणं, भरलेला पाइप ओढणं, उकिडवं बसून तण काढणं आणि त्या बैठकीतून जोर लावून उठणं, सगळ्यानेच येतो. वजनाचा अंदाज घ्या: 10 लिटरची भरलेली झारी 10 किलोच्या वर जाते आणि ओल्या मातीची 12 इंची कुंडी 15 ते 20 किलोच्या घरात. किती किलोपर्यंत चालेल ते तुमच्या सर्जनलाच विचारा. दुर्बिणीतून केलेलं आणि टाके घालून उघडं केलेलं, दोन्हींची मर्यादा सारखी नसते.

पाण्याकडे खरं लक्ष द्या, कारण 6 आठवड्यांत बागेचं नुकसान झालं तर ते बहुधा जास्त पाण्याने होतं. दुसऱ्याच्या बागेला पाणी घालणारा माणूस प्रेमाने सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी घालतो. अडेनियम आणि जेडसारखी, खोडापानांत पाणी साठवणारी झाडं आधी सडतात. सूनबाईंना तोंडी सूचना देऊ नका, कुंड्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावून घ्या: निळी म्हणजे रोज, पिवळी म्हणजे बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच, लाल म्हणजे 8-10 दिवसांनी एकदा. ताटल्यांमध्ये पाणी साठू द्यायचं नाही.

ठिबक बसवून घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. गच्चीवरची टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम दीड-दोन मीटर उंच असते आणि 10 मीटर उंचीला कुठे 1 बार दाब मिळतो. एवढ्या कमी दाबावर प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर (दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे) नीट चालत नाहीत आणि सोलेनॉइडचे, म्हणजे विजेच्या चुंबकाने झडप उघडणारे, बरेच टायमर उघडतच नाहीत. बॉल व्हॉल्व्हचा, शून्य दाबावर चालणारा टायमर मागा, 16 मिमी नळी, कमी-जास्त करता येणारे ड्रीपर आणि टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर. तपासायला एक रिकामी बाटली पुरते: ताशी 2 लिटर सोडणाऱ्या ड्रीपरखाली ती 15 मिनिटांत अर्धा लिटर भरली पाहिजे. शेवटच्या कुंडीशी नक्की तपासा, कमी पाणी तिथेच पडतं.

आणि हात शिवशिवतात त्याला उपाय आहे: बिया. तुमचे 30 दिवस उरलेत आणि टोमॅटोचं रोप 25-30 दिवसांत लावण्याजोगं होतं. हिशेब तंतोतंत जुळतोय. जेवणाच्या टेबलावर, कमरेच्या उंचीला, प्रोट्रे (रोपं करायचा खळग्यांचा ट्रे) ठेवा. 650 ग्रॅमची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट दुसऱ्या कोणाला तरी बादलीत भिजवायला सांगा, कारण भिजल्यावर ती कितीतरी पट जड होते. तुमच्यापुढे वाडग्यातून थोडं थोडं येऊ दे. मुठीत दाबल्यावर थेंब दोन थेंब गळले तर ओल बरोबर. धार लागली तर बी कुजेल. निम्मं कोकोपीट, निम्मं चाळलेलं गांडूळखत. एका खळग्यात एकच बी, बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल. टोमॅटो 5-8 दिवसांत वर येतो, मिरचीला दोन आठवडेही लागतात, तेव्हा उकरून बघू नका. उगवल्यावर ट्रे उन्हाच्या खिडकीत न्यायला सांगा, नाहीतर रोपं उंच आणि लुळी होतात.

हे करताना हातमोजे घाला, खत ओलसर ठेवा. कोरड्या खताची धूळ नाकात गेली की खोकला येतो आणि प्रत्येक खोकल्याला जखमेवर ताण पडतो. आलाच तर उशी पोटाशी घट्ट धरून खोका. मातीतून धनुर्वात होऊ शकतो, शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते डॉक्टरांना सांगून ठेवा. ताप, जखमेतून पू, वाढती लाली, नवा फुगवटा, उलट्या किंवा पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करा.

परवानगी मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात 2 लिटरचीच झारी वापरा. टोमॅटोच्या कुंड्या आधीच भरून, जागेवर, स्टुलावर ठेवून घ्या. रोपाला 4-5 पानं असली की संध्याकाळी लावा, पहिली दोन पानं मातीशी येतील इतकं खोल, आणि दोन दिवस सावली करा.